समासातला प्रश्न

2019 च्या ऑगस्ट महिन्यात सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेले, तेव्हा आमच्या घराचा तळमजला पाण्याखाली होता. मी सेवानिवृत्त होऊन जेमतेम एक वर्ष झाले होते. चौतीस वर्षांच्या अध्यापनातून उरलेले कागद महाविद्यालयातून उचलून आणून मी खालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवले होते. त्यात जुन्या प्रश्नावल्या होत्या, विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांच्या वह्या होत्या, कधीतरी लिहू म्हणून बाजूला ठेवलेली टिपणे होती. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले तर आत गाळाचा थर आणि कागदांचा लगदा. त्यातले जे सुटे करता आले ते आम्ही गच्चीवर पसरले आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर खडे ठेवले.

शाईच्या पेनाने लिहिलेले बहुतेक सारे पुसले गेले होते. बॉलपेनचे तेवढे टिकले. त्या टिकलेल्या कागदांत सायक्लोस्टाइल केलेली एक प्रश्नावली हाती आली. तिच्या वरच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात, ‘अग्राह्य’ असा शेरा होता. आणि सातव्या विधानाशेजारी, डावीकडच्या समासात, बारीक निळ्या अक्षरात तीन शब्द लिहिलेले होते : ‘कोणाच्या बरोबरीने, सर?’

हे तीन शब्द मी पूर्वी वाचले होते. 1991 साली वाचले होते आणि वाचून पुढे गेलो होतो. मानसशास्त्राचा प्राध्यापक म्हणून माझी जी काही कारकीर्द झाली तिचा हिशेब मांडायचा, तर शोधनिबंधांची यादी वा मार्गदर्शन केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या यांपेक्षा या कागदापासून सुरुवात करणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

सातारच्या एका महाविद्यालयात मी 1984 साली रुजू झालो. सातारा हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे गाव. 1919 मध्ये काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था पुढे साताऱ्यात स्थिरावली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र तिथूनच महाराष्ट्रभर गेला. साहजिकच, मी जिथे शिकवत होतो तिथल्या वर्गातही पहाटे उठून गोठ्यातले काम उरकून एस.टी.ने येणारी, वसतिगृहात राहून सुट्टीत कामाला जाणारी मुले मोठ्या संख्येने होती. माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातली, पाटणच्या डोंगरातली, जावळीतली. घरातला पहिला पदवीधर होण्याच्या वाटेवर असलेली. त्यांच्यापैकी अनेकांनी मानसशास्त्र हा विषय घेतला होता तो दुसऱ्या एखाद्या विषयाच्या वर्गात जागा उरली नाही म्हणून, किंवा ‘मन वाचता येईल’ अशा कुतूहलाने.

शिकवण्यातली पहिली अडचण भाषेची होती. आमची पाठ्यपुस्तके मराठी होती. पण ती मराठी परिभाषा कोशांतून आलेली. ‘अभिसंधान’, ‘प्रबलन’, ‘बोधन’, ‘अवधान’. ‘वेदन’ म्हणजे नुसती इंद्रियानुभूती आणि ‘संवेदन’ म्हणजे तिचा अर्थ लावून होणारे आकलन, असा भेद मी फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘‘सर, वेदन म्हणजे दुखत नाही?’’ वर्ग हसला. मीही हसलो, पण त्याच्या प्रश्नात तथ्य होते. बोलीतला एक जिवंत शब्द उचलून त्यातले दुखणे आम्ही काढून टाकले होते आणि तो परिभाषा म्हणून परत दिला होता. पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि घंटा यांनीही अभिसंधान काही केल्या वर्गाच्या गळी उतरेना. अखेर एका मुलीने सांगितले की, त्यांची म्हैस बादलीचा आवाज ऐकला की पान्हा सोडते. त्या दिवसापासून माझ्या वर्गात पाव्हलॉव्ह दुसरा आणि म्हैस पहिली, असाच क्रम राहिला.

प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि चार टेबले. आरशात पाहून तारा रेखाटण्याचे साधन, म्यूलर-लायर भ्रमाची सरकती पट्टी, दोन स्टॉपवॉच, आणि स्मृतीच्या प्रयोगासाठी हाताने फिरवायचा एक ड्रम. लाइपझिगमध्ये 1879 साली व्हुंटने पहिली प्रयोगशाळा काढली, 1916 च्या सुमारास कलकत्ता विद्यापीठात सेनगुप्तांनी भारतातली पहिली उभारली, आणि पुढे पुणे विद्यापीठात प्रा. कोठुरकरांनी प्रायोगिक मानसशास्त्राची घडी बसवली. त्या परंपरेचा एक अगदी क्षीण धागा आमच्या कपाटापर्यंत पोहोचला होता, याचा मला त्या वयात मोठा अभिमान वाटे.

स्मृतीच्या प्रयोगात एबिंगहाउसच्या पद्धतीने निरर्थक शब्दावयव पाठ करून घ्यावे लागत. 1885 मध्ये त्याने आपला प्रबंध प्रसिद्ध केला. स्मरण मोजायचे तर शब्दाला अर्थ नको, कारण अर्थ असला की जुन्या आठवणी मदतीला येतात, असे त्याचे साधे तर्कशास्त्र होते. मी देवनागरीत अशा अवयवांची यादी करायला बसलो. ‘झुप’, ‘लेठ’, ‘वुख’, ‘टेव’, ‘ढिर’. यादी घेऊन वर्गात गेलो तर मुलांनी एकेकाला अर्थ देऊन टाकला. ‘ढिर’ म्हणजे धीर, ‘टेव’ म्हणजे ठेव. ‘लेठ’ नावाचा एकाचा चुलता निघाला. निरर्थकता टिकेना. पुढे बार्टलेटचे 1932 मधले स्मरणावरचे पुस्तक वाचताना लक्षात आले की, माणूस आठवताना मूळ मजकूर उचलून आणत नाही, तो अर्थाच्या मागे जात मजकूर नव्याने रचतो, हेच तर तो सांगत होता. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. मला मात्र ते पुस्तकातून कळले, समोरच्या बाकांवरून कळले नाही. निष्कर्ष समोर हसत बसलेले असताना मी प्रयोग बिघडला म्हणून खट्टू झालो होतो.

पीएच.डी.साठी मी विषय घेतला तो ग्रामीण महाविद्यालयीन मुलींच्या आत्मप्रतिमेचा. त्या काळात स्वप्रतिष्ठा मोजण्याची रोझेनबर्गची 1965 ची दहा विधानांची श्रेणी जगभर वापरली जात होती. तिच्या धर्तीवर, आणि आणखी काही साधनांच्या आधाराने, मी मराठीत प्रश्नावली तयार केली. भाषांतरात अनेक दिवस गेले. आपण इतरांच्या तोडीचे आहोत असे वाटते की नाही, अशा आशयाचे एक विधान होते. ‘तोडीचे’ हा शब्द मला जरा भांडखोर वाटला, म्हणून मी ‘बरोबरीने’ हा सौम्य शब्द योजला. त्या वेळच्या शिरस्त्याप्रमाणे भाषांतराचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून ताळा पाहिला. ही उलट भाषांतराची रीत ब्रिस्लिनने 1970 मध्ये रूढ केली होती. ताळा जुळला. इंग्रजीतले ‘अदर्स’ मराठीत ‘इतर’ झाले आणि ‘इतर’ परत ‘अदर्स’ झाले. दोन्ही भाषांतरे बिनचूक होती. ‘इतर’ या शब्दात कोण कोण येते, हे विचारायची त्या ताळ्यात सोय नव्हती.

आमच्या भागाला या प्रश्नाची परंपरा आहे, हे मला तेव्हा अर्धवटच ठाऊक होते. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी 1905 साली मुलांच्या बुद्धीची पहिली कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत कोणती द्यावी हे ठरवण्यासाठी. तिचे कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले ते धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी. 1934 मध्ये त्यांनी त्याविषयी इंग्लंडमधल्या नियतकालिकात लिहिले आणि 1940 मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर त्यांचे पुस्तक आले. दोन भाषा एकमेकींत मिसळतात अशा प्रदेशात बसून त्यांनी हे काम केले. परक्या भाषेत एका विशिष्ट मुलासमोर ठेवलेला प्रश्न दुसऱ्या भाषेतल्या मुलासमोर तोच प्रश्न राहतो का, हा पेच असे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत असतो. मूळ कसोटीकार बिने स्वतः 1909 मध्ये बजावत होता की, मुलाची बुद्धी म्हणजे एक कायमचा ठरलेला आकडा असे मानणे हा क्रूर निराशावाद आहे. कसोट्या पुढे जगभर गेल्या. हा इशारा त्या मानाने फारसा प्रवास करू शकला नाही.

आता त्या मुलीविषयी. तिचे आडनाव मी सांगणार नाही. तिचे नाव नकुशी होते.

सातारा जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही हे नाव समजावून सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगतो. मुलामागे मुली होत गेल्या की, आता पुरे, पुढचा मुलगा होऊ दे, या भावनेने नको असलेल्या मुलीला हे नाव ठेवत. आपल्याकडे धोंडू, दगडू, केरबा, भिकू अशी नावे मुलग्यांना ठेवण्याचीही चाल होती. पण तिचे तर्कशास्त्र अगदी उलटे. मूल जगत नाही, ते फार हवे आहे, म्हणून त्याला धोंड्याचे नाव देऊन दृष्ट चुकवायची. धोंडू या नावात लपवलेली माया आहे. नकुशी या नावात काहीही लपवलेले नाही.

ती माण तालुक्यातली. वर्गात पहिल्या दिवशी हजेरी घेताना मी तिच्या नावापाशी अडखळलो. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यापुरता हजेरी क्रमांक पुकारू लागलो. मानसशास्त्राचा अध्यापक या नात्याने मी एक नाजूकपणा पाळतो आहे, अशी माझी समजूत होती. रोझेन्थाल आणि जेकबसन यांचे 1968 मधले शिक्षकांच्या अपेक्षांवरचे पुस्तक मी वर्गात शिकवत असे. शिक्षक विद्यार्थ्याकडून जे अपेक्षितो ते काही अंशी घडूनही येते, हा त्याचा गाभा. त्या संशोधनावर पुढे बरीच टीका झाली, परिणाम दाखवला गेला त्याहून बराच लहान असतो असेही दिसले. पण शिक्षकाने वापरलेला शब्द मुलावर काही करतो, हे मला मनोमन पटलेले होते. म्हणून मी तो शब्द टाळत होतो.

महिनाभराने ती तासानंतर टेबलापाशी आली. म्हणाली, ‘‘सर, सगळ्यांना नावानं हाक मारताय. मला तेवढा नंबर.’’

मी काहीतरी पुटपुटलो. तुला वाईट वाटू नये म्हणून, असे काहीसे.

‘‘नावच हाय की ते माझं,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच नावानं दहावीला पास झाले, बारावीला झाले. तुम्ही घ्या की खुशाल.’’

मी दुसऱ्या दिवसापासून नाव घेऊ लागलो. यावर मी विचार करायला हवा होता. पण प्रबंधाची घाई होती. माझा अभ्युपगम ठरलेला होता. घरात दुय्यम स्थान मिळालेल्या मुलींची आत्मप्रतिमा खालावलेली असणार. आणि ज्या मुलीच्या नावातच नकार कोरलेला आहे तिच्याइतका स्पष्ट पुरावा कुठे मिळणार?

तिने प्रश्नावली भरून दिली. गुण काढले. ते वर्गातल्या सर्वाधिक गुणांपैकी होते.

अशा प्रश्नावल्यांत काही विधाने उत्तर देणाऱ्याचा खरेपणा पाहण्यासाठी पेरलेली असतात. कधीच कुणाचा हेवा केला नाही, कधीच राग आला नाही, अशा अर्थाची. माणसे स्वतःला समाजाला रुचेल तसे दाखवतात, ही गोष्ट मानसशास्त्राने फार पूर्वी ओळखली. क्राउन आणि मार्लो यांची 1960 ची श्रेणी त्यासाठीच आहे. माझ्याही प्रश्नावलीत अशी विधाने होती आणि किती विधानांपुढे अशी साधुवृत्तीची उत्तरे आली की प्रश्नावली बाद करायची, याची मर्यादा मीच आखली होती. नकुशी नेमकी त्या रेषेवर होती. रेषेवर आणखी दोघी होत्या. त्या दोघींचे आत्मप्रतिमेचे गुण माझ्या अपेक्षेच्या पट्ट्यात बसत होते. त्यांच्या प्रश्नावल्या मी ठेवल्या. नकुशीची काढली. वर एक सबबही हाताशी होती : तिने सूचनांचे पालन केलेले नव्हते. फक्त खूण करायची असताना तिने समासात लिहिले होते.

प्रबंधात याविषयी एकच वाक्य आहे. काही प्रश्नावल्या अपूर्ण वा अग्राह्य आढळल्याने वगळल्या, अशा अर्थाचे. प्रत्येक प्रबंधात ते असते आणि कोणत्याही परीक्षकाने त्यावर मला प्रश्न विचारला नाही. मौखिक परीक्षा उत्तम झाली. नकुशी त्याआधीच बी.ए. होऊन गेली होती. पुढे तिचे काय झाले ते मला माहीत नाही. मी कधी चौकशीही केली नाही.

माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते आणि तीच कृष्णा पुढे सांगलीच्या घाटाला लागते. 1998 मध्ये माझी बदली सांगलीला झाली, तेव्हा मी तिच्याच काठाने खाली आलो एवढेच. वर्गाची घडण मात्र वेगळी होती. हळदीच्या पेठेतली मुले, वाळव्याकडची ऊसवाल्यांची मुले, आणि जतच्या पूर्व भागातली, घरी कानडी बोलणारी मुले. त्या मुलांमुळे कामतांचे पुस्तक मला खऱ्या अर्थाने पुन्हा वाचावे लागले. मराठी प्रश्नावली हाती पडली की ती आधी मनात कानडी करत आणि मग खूण करत. मी स्टॉपवॉच घेऊन त्यांची ‘प्रतिसादातील दिरंगाई’ मोजत होतो, हे ध्यानात यायला मला एक सत्र लागले.

सांगलीतली वर्षे बाहेरून पाहता भरभराटीची. शिवाजी विद्यापीठाची मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळाली. आधी एम.फिल.चे आणि मग पीएच.डी.चे विद्यार्थी आले. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे नियम आले आणि अध्यापकाचे काम गुणांकांत मोजले जाऊ लागले. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देणाऱ्या आम्हा लोकांना आपल्याच साधनाची चव चाखायला मिळाली. मग प्रश्नावल्यांचे अमाप पीक आले. समायोजन, ताण, भावनिक बुद्धिमत्ता, शहरी-ग्रामीण, मुलगे-मुली, दोन गट, एक कसोटी, एक तक्ता. मीही त्या प्रवाहात होतो, हे कबूल केले पाहिजे.

दारावर टकटक करून येणारी मुले हा कामाचा दुसरा भाग. ‘‘सर, झोप येत नाही.’’ ‘‘सर, घरी सांगता येत नाही.’’ मी अध्यापक होतो, चिकित्सक नव्हतो. 1992 च्या पुनर्वास परिषद कायद्याप्रमाणे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला स्वतंत्र प्रशिक्षण आणि नोंदणी लागते, आणि ती माझ्याजवळ नव्हती. त्यामुळे ऐकून घ्यायचे, धीर द्यायचा आणि गरज दिसली की मिरजेला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे, एवढेच माझे काम. पाठवणे सोपे नसे. ‘पोरगी वेडी आहे असं होईल, लग्नाचं बघायचंय’ म्हणत आईवडील हात जोडत. कधी मी बरोबर गेलो, कधी जायला हवे होते आणि गेलो नाही. हे गुणांकांच्या तक्त्यात कुठे लिहायचे, असा रकाना नव्हता. नसावाच, असे मला वाटते.

2008 साली म. द. हातकणंगलेकर यांच्या अध्यक्षतेखाली सांगलीत साहित्य संमेलन भरले होते. मराठी विभागातल्या माझ्या एका सहकाऱ्यांबरोबर मी ग्रंथप्रदर्शनात हिंडत होतो. जुन्या पुस्तकांच्या गाळ्यावर ते पुस्तक उघडून मजकुरापेक्षा समासच आधी पाहत. आधीच्या वाचकाने काय लिहिले आहे ते. बोलता बोलता त्यांनी मला विचारले, ‘‘तुमच्या त्या प्रश्नावल्यांना समास कशासाठी ठेवता हो?’’

‘‘फाइलला लावण्यासाठी,’’ मी म्हणालो.

‘‘आणि मुलं त्यात काही लिहितात, त्याचं काय करता?’’

‘‘काही नाही. त्याला गुण नसतात.’’

ते काही बोलले नाहीत. पुस्तकाचे पैसे देऊन आम्ही चहाला गेलो. मला त्या वेळी नकुशी आठवली असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पण ती आठवली नाही. एवढे मात्र झाले की, त्या वर्षापासून माझ्या संशोधक विद्यार्थ्यांना मी एक अट घालू लागलो. समासात, पाठीवर, कुठेही जे लिहिले असेल ते एका वेगळ्या वहीत जसेच्या तसे उतरवायचे, आणि प्रबंध लिहिण्याआधी ती वही घेऊन माझ्याकडे बसायचे. काहींना हा म्हाताऱ्याचा छंद वाटला. काहींच्या प्रबंधातली सर्वांत चांगली प्रकरणे त्या वहीतून निघाली.

2011 च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात एक समारंभ झाला. जिल्ह्यातल्या नकुशी नावाच्या 285 मुलींना नवी नावे देण्यात आली, प्रमाणपत्रे वाटण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या नऊशेच्याही खाली होती. मुलींनी आपापली नावे निवडली. कुणी अभिनेत्रींची घेतली. देशोदेशीच्या वृत्तपत्रांत ती बातमी आली. वाचताना मला आनंद झाला आणि लगोलग एक अस्वस्थताही वाटली. टेबलापाशी उभी असलेली ती मुलगी आठवली. त्या समारंभात ती असती तर तिने नाव बदलून घेतले असते का? घेतले असते, नसतेही. मला ठाऊक नाही, आणि तिच्याऐवजी उत्तर देण्याची माझी खोड किती जुनी आहे, हे त्या दिवशी प्रथम नीट जाणवले. नावे बदलली पाहिजेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ज्यांनी ती नावे वागवून दहावी-बारावी केली त्यांना त्याविषयी काय म्हणायचे आहे, हेही कुणी उतरवून घ्यायला हवे होते, एवढेच.

आणि मग 2019 चा पूर. गच्चीवर वाळत घातलेला तो कागद.

‘कोणाच्या बरोबरीने, सर?’ आता हा प्रश्न मला प्रश्नावलीवरचा सर्वांत नेमका अभिप्राय वाटतो. इतर म्हणजे कोण? वर्गातल्या मैत्रिणी? त्यांच्या बरोबरीने ती नक्कीच होती आणि तशी तिने खूणही केली असणार. घरातले भाऊ? त्यांच्या बरोबरीने आपण आहोत असे तिला वाटत होते, की ते वाटून घेण्याचा तिने निश्चय केला होता? की ती मला विचारत होती की, सर, तुम्ही मला कोणाच्या शेजारी ठेवून मोजता आहात? तिचे गुण खोटे नव्हते आणि अपुरे मात्र होते. ते कुठे अपुरे आहेत हे तिने बोट ठेवून दाखवले होते. अभ्यासविषयाने अभ्यासकाला विचारलेला असा प्रश्न चौतीस वर्षांत मला क्वचितच मिळाला.

दोन वर्षांपूर्वी संशोधन पद्धतीवरच्या एका कार्यशाळेत मी हा कागद तरुण संशोधकांना दाखवला, नाव झाकून. सगळी हकिकत सांगितली, त्या दोघींच्या ठेवलेल्या प्रश्नावल्यांसकट. एका मुलीने हात वर केला. ‘‘सर, ती प्रश्नावली ठेवली असती तर तुमचा निष्कर्ष बदलला असता का?’’

मी खरे ते सांगितले. नसता बदलला. एका प्रश्नावलीने मध्यमान हलत नाही. प्रबंधाचे निष्कर्ष होते तेच राहिले असते, पदवी मिळायची तीच मिळाली असती.

‘‘मग?’’ ती म्हणाली.

यावर मला चटकन उत्तर सुचले नाही. मी तिला म्हटले, या ‘मग’चे उत्तर माझ्याजवळ असते तर मी हा कागद घेऊन इथवर आलो नसतो. ती हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहून घेतले. काय ते मला दिसले नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात माझ्या प्रबंधाची प्रत आहे. मागच्या दिवाळीनंतर मी कोल्हापूरला गेलो असताना ती मागवून घेतली. ज्या पानावर ते एक वाक्य आहे ते उघडले. ग्रंथालयाच्या प्रतीवर काही लिहू नये हा नियम मीच आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. खिशातून पेन्सिल काढली होती, ती परत ठेवली. पान बराच वेळ उघडे ठेवून बसलो. मग प्रत परत केली आणि कृष्णेचा पूल ओलांडून संध्याकाळच्या गाडीने सांगलीला आलो.